तक्ते, पुस्तके आणि शिक्षक : केनियातील काही प्रयोगांविषयी

शाळेला नवे साधन मिळाले की मुलांचे शिक्षण सुधारते, असे आपण सहज धरून चालतो. हे खरे आहे का, याची तपासणी पश्चिम केनियात झाली. युगांडाच्या सीमेलगतच्या बुसिया भागातील प्राथमिक शाळांत मायकेल क्रेमर, पॉल ग्लेवे आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात एका डच स्वयंसेवी संस्थेबरोबर हे प्रयोग केले. गरीब प्रदेशांचा विकास प्रयोगाने अभ्यासण्याच्या या पद्धतीबद्दल क्रेमर, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गौरव झालेले संशोधनही तपासूनच घ्यावे. त्याचा विषय शिक्षक असेल, तर ते काम शिक्षकांनी करायला हवे.

प्रथम तक्त्यांचा प्रयोग पाहू. शाळांची नुसती पाहणी केली तेव्हा भिंतीवर तक्ते असलेल्या शाळांतील मुलांचे गुण जास्त दिसले. पण तक्ते मिळवणारी शाळा इतर बाबतींतही जागरूक असण्याचा संभव असतो. मग श्रेय तक्त्यांचे की जागरूकतेचे? म्हणून संशोधकांनी १७८ शाळा घेतल्या आणि निम्म्यांना विज्ञान, गणित, आरोग्य व भूगोल या विषयांचे तक्ते दिले. कोणत्या शाळेला द्यायचे हे शाळेच्या दर्जाशी संबंध नसलेल्या पद्धतीने ठरवले. आता दोन्ही गटांच्या गुणांत जवळजवळ काहीच फरक आढळला नाही. दोन कुंड्यांत सारखे रोप लावून एकीलाच खत घालावे, असे आपण वर्गात सांगतो. तोच नियम येथे शाळांना लावला आहे, आणि या पद्धतीचे खरे बळ यातच आहे, असे आम्हांला वाटते.

दुसरा प्रयोग पाठ्यपुस्तकांचा. १९९६ मध्ये १०० शाळांपैकी २५ शाळांना सरकारमान्य पुस्तके देण्यात आली. सरासरी गुण वाढले नाहीत. मात्र आधीपासून पुढे असलेल्या मुलांचे गुण वाढले. ही पुस्तके इंग्रजीत होती. तेथील बहुतेक मुलांची घरची भाषा वेगळी, नंतर येते स्वाहिली आणि त्यानंतर इंग्रजी. पुस्तक हाती आले, पण ते वाचता येईना. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तकांचा सर्वांना उपयोग झाला नाही, एवढे मोजमापाने सांगितले. का झाला नाही, हे समजायला वर्गाची, मुलांच्या भाषेची आणि अभ्यासक्रमाची माहिती लागली. आकड्यांवर थांबणारा वाचक ‘पुस्तके निरुपयोगी’ असा उफराटा निष्कर्ष काढील.

तिसरा प्रयोग आमच्या मते सर्वांत बोधप्रद आहे. जानेवारी २००३ मध्ये केनियाने प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली. दहा लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली आणि वर्ग फुगले. त्यानंतर २००५ पासून दुफ्लो, पास्कलिन द्युपा आणि क्रेमर यांनी पश्चिम केनियातील १४० शाळांत शाळा समितीमार्फत कंत्राटी शिक्षक नेमून पाहिले. पगार कायम शिक्षकाच्या सुमारे चौथा हिस्सा. त्यांच्याकडील मुलांचे गुण अधिक आले. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षणसेवक योजना सुरू झाली, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

पुढे टेसा बोल्ड, जर्मानो म्वाबू, जस्टिन सँडेफर आदींनी हीच कल्पना केनियाच्या सर्व प्रांतांतील मिळून १९२ शाळांत तपासली. काही शाळांत नेमणुका स्वयंसेवी संस्थेने केल्या, तर काहींत सरकारने. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, सरकारी अंमलबजावणीत वाढले नाहीत. सरकारकडून पगार उशिरा मिळत, देखरेख कमी होती, आणि शिक्षक संघटनेच्या लढ्यामुळे कायम होण्याची आशाही निर्माण झाली होती. म्हणजे आधीच्या प्रयोगात तपासला गेला तो केवळ ‘कंत्राटी शिक्षक’ नव्हता. त्याला नेमणारी, पगार देणारी आणि विचारपूस करणारी व्यवस्थाही त्यात सामील होती. कुंडीतले रोप वाढले, यात मातीचाही वाटा होता.

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. प्रयोग प्रामाणिक असला तरी त्याचा निष्कर्ष त्याच्या परिस्थितीसकट वाचावा लागतो. धोरण ठरवणारे तो परिस्थितीपासून तोडून घेतात. दुसरे म्हणजे, चौथा हिस्सा पगार हा हिशेबात ‘बचत’ म्हणून येतो. त्या पगारात शिक्षकाचे घर कसे चालते, तो किती वर्षे टिकेल, हे परीक्षेच्या गुणांत उमटत नाही. तिसरे, फी रद्द करण्यासारखा देशव्यापी निर्णय निम्म्या शाळांना लावून पाहता येत नाही. विकासातले पुष्कळ मोठे प्रश्न याच जातीचे असतात.

तरीही हे संशोधन टाकाऊ नाही. ‘साधन दिले म्हणजे शिक्षण झाले’ या समजुतीला त्याने पुराव्याने धक्का दिला, हे त्याचे मोठे काम. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे सांगत एखादी योजना शाळेत आली, तर शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत. तुलना कोणाशी केली? सरासरीच्या आड कोणती मुले राहिली? आणि प्रयोग कोणी राबवला होता, आता कोण राबवणार आहे? यांची उत्तरे मिळेपर्यंत योजनेला यशस्वी म्हणण्याची घाई करू नये.