‘ल्गोव’ : बुडालेल्या होडीचा न्याय

इव्हान तुर्गेन्येव्ह यांचा शिकारकथांचा संग्रह १८५२ साली ग्रंथरूपाने निघाला. त्याविषयी साधारणतः दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, त्यातील निसर्गवर्णने अप्रतिम आहेत. दुसरी, १८६१ मध्ये रशियातील भूदासप्रथा रद्द झाली, त्यासाठी लोकमत घडविण्यात या पुस्तकाचा वाटा होता. दोन्ही खऱ्या आहेत. तथापि १८४७ सालच्या ‘ल्गोव’ या कथेचे मर्म त्यांत सापडत नाही. ही बदकांच्या शिकारीची कथा आहे आणि तिचा खरा विषय दोष कोणाच्या माथी जातो हा आहे.

कथानक अगदी लहान आहे. निवेदक जमीनदार आपला शिकारी येर्मोलाय याच्यासह ल्गोव गावच्या तळ्यावर जातो. दाट लव्हाळ्यात बदके विपुल आहेत. पण काठावरून ती साधत नाहीत, म्हणून होडी हवी. ती मिळते सुचोक या साठीच्या भूदासाकडून. सुचोक म्हणजे काटकी. हे त्याचे टोपणनाव. मालक बदलत गेले तसा हा कधी गाडीवान, कधी आचारी, कधी बाईसाहेबांच्या नाटकातला नट झाला. एका बाईसाहेबांनी त्याचे नावही बदलले. स्वतः अविवाहित म्हणून नोकरांच्या लग्नासही त्यांनी मनाई केली. गेली सात वर्षे तो सरकारवाड्याचा कोळी आहे, आणि पाण्यात मासे नाहीत! वेतनाविषयी विचारता, जेवायला मिळते एवढ्यावर तो समाधानी आहे.

लेखक येथे संतापत नाही, उपदेशही करीत नाही. तो सरळ होडी पाण्यात लोटतो. होडी गळकी आहे. पाणी उपसण्याचे काम व्लादिमीर या सुशिक्षितपणा मिरविणाऱ्या मुक्त भूदासाकडे आहे. बदकांचे थवे उठू लागतात, बंदुका ठासण्याच्या धांदलीत उपसणे राहून जाते. त्यात येर्मोलाय मेलेला पक्षी उचलण्यासाठी वाकतो आणि होडी तळाला जाते. चौघे गळ्याइतक्या पाण्यात उभे, भोवती मेलेली बदके तरंगत आहेत. अशा वेळी येर्मोलाय आधी रागावतो तो सुचोकवर, आणि सुचोक क्षमा मागतो.

कथेचा कणा हा आहे. व्लादिमीरलाही बोल लागतो, पण नंतर. रागावणारा येर्मोलाय स्वतः दुसऱ्या जमीनदाराचा भूदास. दरमहा ठरावीक पक्षी मालकाच्या स्वयंपाकघरात पोचविणारा. वरचा भार तो खालच्या पायरीवर उतरवतो. आणि निवेदक? उपसण्याचे भान आपणा सर्वांनाच राहिले नाही, हे तो मान्य करतो. पण पाण्यात उभा असताना म्हाताऱ्याची बाजू घेत नाही. काही वाचकांना हे लेखकाचे औदासीन्य वाटेल. मला त्यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो: दयाळू मालकही मालकच असतो, हे त्याने स्वतःला वगळून लिहिलेले नाही.

संस्थानी मुलखात वाढलेल्या आपल्या घरांना शिकारीची छायाचित्रे अपरिचित नाहीत. भरतपूरच्या केवलादेव येथे शिलालेखांवर शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. बंदुका किती, पक्षी किती, हे दगड सांगतो. पाण्यात उतरून ते पक्षी वेचणारे कोण, हे विचारण्याची दृष्टी ‘ल्गोव’सारखी कथा देते. शिकारसाहित्याची योग्यता पारखण्यास ही एक कसोटी पुरेशी आहे.