पडद्यामागचे दोघे

‘द रोमँटिक्स’ हा स्मृती मुंध्रा यांचा चार भागांचा माहितीपट १४ फेब्रुवारी २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर आला. नालासोपाऱ्यातल्या आमच्या घरी आम्ही तो शेजाऱ्यांसह पाहिला. त्यांतला एक जण नायगावच्या सेटवर लाइटमन आहे. कुतूहल सर्वांना एकाच माणसाचे होते – आदित्य चोप्रा यांचे. यशराज फिल्म्सची सूत्रे हाती असलेल्या या गृहस्थांनी वर्षानुवर्षे कॅमेऱ्यासमोर मुलाखत टाळली. इथे ते सविस्तर बोलतात.

बोलतात ते ऐकण्यासारखे आहे. भाऊ उदय याला आपण स्टार करू शकलो नाही, प्रेक्षक ज्याला स्वीकारतो तोच टिकतो, असे ते आडपडदा न ठेवता सांगतात. घराणेशाहीच्या आरोपाला हे त्यांचे उत्तर. ते प्रांजळ आहे, पण अर्धेच आहे. उदय प्रेक्षकांच्या दरबारात हरला. परंतु त्या दरबारापर्यंत तो पोहोचला तरी! आमच्या वस्तीतल्या होतकरू पोरांची फाइल दाराशीच राहते. ते दार कोण उघडतो, हा प्रश्न माहितीपट विचारत नाही. कसा विचारणार? त्याची निर्मिती यशराजचीच आहे.

आम्हाला आणखी एक उत्सुकता होती. यश चोप्रांच्या पहिल्याच ‘धूल का फूल’मध्ये (१९५९) टाकून दिलेल्या मुलाला अब्दुल रशीद वाढवतो. ‘चक दे! इंडिया’त (२००७) कबीर खानला देशनिष्ठेच्या संशयाचा डाग पुसावा लागतो. पहिल्याच्या माणुसकीवर कोणी शंका घेतली, तरी पालक म्हणून तो ताठ उभा असतो. दुसऱ्याला आधी स्वतःला सिद्ध करावे लागते. या अठ्ठेचाळीस वर्षांत आपल्याविषयीची कथा अशी का बदलली? समाज बदलला, हे खरेच. पण कोणती कथा काढायची हे शेवटी एका खोलीत ठरते. त्या खोलीत माहितीपट आपल्याला नेत नाही. सिनेमातली सत्ता तिथेच असते.

तरीही तो जरूर पाहावा. जुनी चित्रे, माणसांच्या आठवणी, ऋषी कपूर यांच्या अखेरच्या काळातली मुलाखत, हे सारे मोलाचे आहे.

शेवटचा भाग संपला. श्रेयनामावली सुरू होताच आमचा लाइटमन पुढे सरकून बसला. तेवढ्यात ती आक्रसून कोपऱ्यात गेली आणि पडद्यावर दुसऱ्याच चित्रपटाची जाहिरात झळकली. “आमची नावं नेहमी इथंच जातात,” तो म्हणाला आणि उठला. सकाळी सहाची शिफ्ट होती.