वेडी ठरविलेली फिर्यादी

परकायाप्रवेशाची कल्पना आपणांस नवी नाहीं. एका विदुषीच्या प्रश्नांस उत्तर देतां यावें म्हणून शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. दुसऱ्याच्या देहांत शिरलेला जीव तेथून काय शिकून बाहेर येतो, यांतच अशा कथेची खरी गोडी असते. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या शेवटच्या भागांत हीच कल्पना योजिलेली पाहून आमची अपेक्षा वाढली होती, हें कबूल केलें पाहिजे. ती पुरी झाली नाहीं.

१९६६ ते १९६९ या काळांत एन्.बी.सी.नें दाखविलेल्या या मालिकेचे ७९ भाग आहेत. 'एन्टरप्राइज' हें अवकाशयान, त्याचा कप्तान कर्क व तर्कनिष्ठ स्पॉक यांची ओळख वाचकांस करून देण्याची आवश्यकता नसावी. शेवटचा भाग 'टर्नअबाउट इन्ट्रूडर' हा ३ जून १९६९ रोजीं प्रक्षेपित झाला. पटकथा आर्थर सिंगर यांची असली, तरी मूळ कथा मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी यांचीच आहे, हें ध्यानांत ठेवावें.

एका दूरच्या ग्रहावर नष्ट संस्कृतीच्या अवशेषांचें संशोधन करणारी डॉ. जॅनिस लेस्टर ही कर्कची जुनी मैत्रीण. कप्तानांच्या जगांत स्त्रियांस प्रवेश नाहीं, हा अन्याय आहे, असें ती त्याला म्हणते. आणि कर्कहि तो अन्याय असल्याचें मान्य करतो! थोड्याच वेळांत एका प्राचीन यंत्राच्या साह्यानें ती त्याच्या देहांत शिरते, त्याला आपल्या देहांत कोंडते आणि यानाचा ताबा घेते. पुढें स्पॉक मनःसंयोगानें खरा प्रकार ओळखतो, त्याच्यावर बंडाचा खटला चालतो, मृत्युदंडाचे हुकूम सुटतात. आणि शेवटीं यंत्राचा परिणाम ओसरून ज्याचा देह त्याला परत मिळतो.

कथानकाचे दुवे ढिले आहेत. पण तेवढ्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली नसती. याच तिसऱ्या वर्षांतील 'स्पॉक्स ब्रेन' या भागांत स्पॉकचा मेंदूच चोरीस जातो! तो भाग याहून टुकार आहे, पण हंसून सोडून देतां येतो. येथें हंसूं येत नाहीं. लेखकांनीं एक फिर्याद ऐकून घेतली, ती खरी असल्याचें खुद्द नायकाच्या तोंडून वदविलें, आणि मग उत्तर देण्याचा प्रसंग टाळण्यासाठीं फिर्यादीलाच वेडी ठरविलें. आपल्या सहकाऱ्यांस मृत्यूच्या तोंडीं देणारी, हुकूम सोडतांना किंचाळणारी, मेजावर मुठी आपटणारी स्त्री एकदां प्रेक्षकांपुढें उभी केली, म्हणजे तिला अधिकार कां नाकारला हें विचारण्याची सोयच उरत नाहीं. वादांतील ही लबाडी आम्हांस त्या ढिल्या कथानकाहून अधिक खुपते.

कांहीं रसिकांचें म्हणणें असें कीं, लेस्टरच्या वाक्याचा अर्थ कप्तानाच्या खासगी आयुष्यांत स्त्रीला जागा नसते, एवढाच. शब्द ओढूनताणून तसा अर्थ निघेलहि. परंतु मग तिची सारी हांव कप्तानपदाची कां? प्रियकर गमावलेली स्त्री त्याची खुर्ची कशाला मागेल?

याच वर्षीं, २७ सप्टेंबर १९६८ रोजीं, डी. सी. फोंटाना या लेखिकेचा 'द एन्टरप्राइज इन्सिडेंट' हा भाग दाखविला गेला होता. त्यांत रोम्युलन शत्रूंच्या यानांचें आधिपत्य एका स्त्रीकडे आहे, आणि तिच्या सैनिकांस त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. म्हणजे शत्रूला जें जमलें, तें या सुधारलेल्या संघराज्यास जमूं नये! याहून मागें गेलें तर १९६४ सालीं चित्रित झालेल्या पहिल्या नमुना-भागांत रॉडेनबेरी यांनींच यानावरील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकार एका शांत, बुद्धिमान स्त्रीला दिला होता. तो भाग एन्.बी.सी.नें नापसंत केला आणि मालिकेंत ती अधिकारी दिसेनाशी झाली. ती भूमिका करणाऱ्या मेजल बॅरेट या नटीस पुढें परिचारिका चॅपेलची भूमिका मिळाली, आणि याच शेवटच्या भागांत त्या औषध घेऊन येतांना दिसतात. मालिकेंत स्त्री कप्तान नायिका म्हणून यावयास १९९५ सालचें 'व्हॉयेजर' उजाडावें लागलें.

विल्यम शॅटनर यांचा आक्रस्ताळा अभिनय पुष्कळांनीं टिंगलीचा विषय केला आहे. त्यांच्या वांट्याला जें पात्र आलें, तें तसेंच लिहिलेलें होतें. दोष सगळा त्यांच्या माथीं मारणें आम्हांस बरें वाटत नाहीं. सँड्रा स्मिथ यांच्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. खटल्याच्या प्रसंगीं त्या लेस्टरच्या देहांतील कर्क म्हणून साक्ष देतात. आवाज चढत नाहीं, हातवारे नाहींत. विचारलेल्या प्रश्नाला नेमकें उत्तर तेवढें येतें. आपल्यासमोर बोलणारा खरोखर आपला कप्तान असेल काय, ही शंका हळूहळू सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवर उमटूं लागते. लेखकांच्या मनांत नसतांनाहि एक स्त्री त्या दालनांत कप्तान म्हणून बसलेली असते, आणि ती तेथें मुळींच विजोड दिसत नाहीं.