पूर्वजाचा शोध : नोंद, आठवण आणि ‘आमचा बाप आन् आम्ही’

पूर्वजाचे जीवन शोधण्याची मराठीतील रूढ वाट कुलवृत्तांताची आहे. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, स्थलांतर आणि वंशवृक्ष अशी त्याची मांडणी असते. मात्र ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळखच पोहोचू दिली गेली नाही, त्यांच्यापाशी ना बखर असते, ना सनद. अशा घरातील पूर्वजाचा शोध कसा घ्यावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या संदर्भात डॉ. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या पुस्तकाचा विचार केला आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. जोगेश्वरीसारख्या, गावाकडून आलेल्या कुटुंबांनी वसलेल्या उपनगरात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गाव नमुना नंबर १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद हाती आली, तर त्याचा मार्ग सुकर होतो. परंतु त्या एका ओळीत आजोबांची जात सापडते, आजोबा सापडत नाहीत. कोणतीही नोंद, ठेवणाऱ्याच्या गरजेपुरतेच बोलते. महसुली दप्तराला वतन आणि त्याचा धारक हवा असतो. ते काम करताना माणसाच्या मनात काय चालले होते, याच्याशी दप्तराला कर्तव्य नसते.

नेमकी हीच उणीव दामोदर जाधवांच्या वह्या भरून काढतात. नाशिक जिल्ह्यातील ओझरची येसकरी सोडून मुंबई गाठणारा आणि पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी करणारा हा माणूस निवृत्तीनंतर, मुलाच्या आग्रहावरून, लिहू लागला. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह इतिहासग्रंथांतून आपल्याला परिचित आहे. येथे तो त्या चळवळीने घडवलेल्या एका कष्टकऱ्याच्या नजरेतून दिसतो. दप्तरातील वतनदार येथे वतन नाकारणारा माणूस होतो. पुस्तकाचे खरे मोल यातच आहे.

तरीही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. छापील पुस्तकात वडिलांचा मूळ शब्द कोठे संपतो आणि मुलाची मांडणी कोठे सुरू होते, हे वाचकाला सहज उमगत नाही. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये संस्कारित आवृत्ती काढली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ मध्ये उपलब्ध झाला, आणि तेव्हा संपादकाने काय बदलले होते तेही कळले. दामोदर जाधवांच्या वह्यांनाही हाच न्याय मिळायला हवा. भटजींचे हस्तलिखित जतनयोग्य आणि कामगाराची वही केवळ कच्चा माल, असा भेद अभ्यासकाने करू नये.

सारांश, नोंद आणि आठवण एकमेकींसमोर ठेवूनच पूर्वज वाचावा लागतो. दाखल्यासाठी गावाकडे निघालेल्या आपल्या विद्यार्थ्याला, दाखल्यासोबत आजीची हकिगतही लिहून आण, एवढे सांगणे प्राध्यापकाच्या हाती निश्चितच आहे.