‘पृथक्करण’ : एक शब्द, दोन क्रिया

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून पूर्वी निघणाऱ्या क्षारांना दल्ला, निमक-दल्ला, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे होती. एकाच पाण्यातून आलेल्या, पण रूपाने व घटकांच्या प्रमाणाने भिन्न अशा या वस्तू लोकभाषेने नावानेच वेगळ्या केल्या. मात्र कोणत्या क्षारात सोडा किती व मीठ किती, हे नाव सांगत नाही. त्यासाठी रसायनज्ञाचा तराजूच लागतो. वेगळे करणे निराळे आणि मोजणे निराळे. शास्त्रीय मराठीत मात्र ‘पृथक्करण’ हा एकच शब्द दोहोंसाठी राबविला जातो. मातीचे पृथक्करण म्हणजे तिच्यातील घटकांची तपासणी, तर मिश्रणाचे पृथक्करण म्हणजे घटक अलग करणे होय.

सजातीय प्रतिजैविकांच्या परीक्षणात हा दोष केवळ शैलीचा राहत नाही. टेट्रासायक्लीन हे औषध उष्ण व दमट जागी फार काळ राहिले, की त्यापासून काही विकृत रूपे तयार होतात. त्यांपैकी एपिअ‍ॅनहायड्रोटेट्रासायक्लीन हे मूत्रपिंडास अपायकारक आहे. खराब झालेल्या टेट्रासायक्लीनमुळे रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद १९६३ मध्ये झाली.

ही रूपे इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विद्युत्-कणसंचलनाने, अलग करता येतात. आर्ने टिसेलिउस यांना या पद्धतीवरील कार्याबद्दल १९४८ चे नोबेल पारितोषिक लाभले. १९८१ मध्ये जॉर्गेन्सन व लुकाक्स यांनी ती केसासारख्या बारीक काचनळीत यशस्वी करून दाखविली. विद्युत्-दाबाखाली प्रत्येक रेणू आपला भार व आकार यांनुसार भिन्न वेगाने सरकतो आणि आलेखावर ज्याचे त्याचे शिखर उमटते. येथे अलगीकरण संपते. मापन संपत नाही. ही रूपे प्रकाश सारखाच शोषीत नसल्याने समान शिखर म्हणजे समान मात्रा नव्हे. प्रत्येक शिखर त्याच पदार्थाच्या ज्ञात मात्रेशी ताडून पाहावे लागते.

‘टेट्रासायक्लीनचे पृथक्करण केले’ या वाक्यावरून अपायकारक अंश नुसता वेगळा दिसला, की तो मर्यादेत असल्याचे ठरले, याचा बोध होत नाही. औषध द्यावे की टाकून द्यावे, हे तर दुसऱ्याच गोष्टीवर अवलंबून असते. यास्तव पहिल्या क्रियेस ‘अलगीकरण’, दुसरीस ‘मापन’ आणि दोहोंनी मिळून होणाऱ्या परीक्षणास ‘विश्लेषण’ म्हणणे इष्ट होय. ‘पृथक्करण’ हा शब्द मातीच्या रूढ प्रयोगापुरता राहिला, तरी त्यात भाषेची हानी नाही.