पहाटेचा टेक

मायकेल कँटरची ‘ब्रॉडवे: द अमेरिकन म्युझिकल’ ही पीबीएसची सहा भागांची मालिका (2004) मी दोनदा पाहिली. ज्युली अँड्र्यूज सूत्रधार, झिगफेल्डच्या झगमगाटापासून ‘विकेड’पर्यंतचा प्रवास, फोटो, चित्रफिती, मुलाखती. पहिल्यांदा भारावलो, दुसऱ्यांदा कंटाळलो. इथे प्रत्येक नाटक एक तर युग घडवतं, नाही तर आपटतं. ‘ओक्लाहोमा!’ (1943) मध्ये गाणं कथेत मिसळलं म्हणतात. पण संवाद नेमका कुठे थांबतो आणि सूर कसा उचलला जातो, हे कानाला कळायच्या आत आपण पुढच्या दशकात पोचलेलो असतो.

याउलट डी. ए. पेनेबेकरचा ‘ओरिजिनल कास्ट अल्बम: कंपनी’. हाही टीव्हीसाठीच केलेला, एका मालिकेचा पहिला भाग म्हणून. पुढचे भाग झालेच नाहीत. यात फक्त एक स्टुडिओ आहे, मे 1970 मधलं एक ध्वनिमुद्रण आहे आणि तासाभराचाही नसलेला वेळ. रात्र उलटते आणि इलेन स्ट्रिचला ‘द लेडीज हू लंच’ काही केल्या जमत नाही. टेकवर टेक. स्वतःचाच आवाज परत ऐकताना ती स्वतःवर चिडते. काचेपलीकडे सोंडहाइम थकलेला. शेवटी वाद्यवृंद तेवढा मुद्रित करून तिला घरी पाठवतात.

तिचं चुकतंय काय, हे कोणी समजावून सांगत नाही. पण तीन-चार टेक ऐकले की आपल्यालाच कळतं: रंगमंचावर खपून जाणारा जोर मायक्रोफोनपुढे नुसता आरडाओरडा होतो. (आपल्याकडे ‘वन्स मोअर’ घेत लांबत जाणारी बालगंधर्वांची पदं तीन मिनिटांच्या तबकडीत बसवताना काय झालं असेल? तिथे कॅमेरा असता तर!)

कँटरवर अन्याय नको. बर्ट विल्यम्सचंच बघा. हा कृष्णवर्णीय नट 1910 मध्ये ‘झिगफेल्ड फॉलीज’मध्ये आला आणि तिथेही चेहऱ्याला काळं फासूनच उभा राहिला. ते सांगायला मालिकेचाच पट लागतो, एका रात्रीच्या स्टुडिओत ते मावणार नाही. शिवाय पेनेबेकरही गोष्टच रचतो. काही दिवसांनी स्ट्रिच नटूनथटून परत येते, गाणं दणक्यात गाते आणि चित्रपट विजयावर येऊन थांबतो. बोरिस अ‍ॅरनसनचं लिफ्टवालं नेपथ्य, नाच, प्रेक्षक यांतलं काहीच यात नाही. हे एका नाटकाबद्दल आहे, असं म्हणणंही धाडसाचंच.

तरी तिसऱ्यांदा काय पाहीन, हे मला ठाऊक आहे. तेही शेवटचं यशस्वी गाणं नव्हे, त्याआधीचे बिघडलेले टेक.