काळे मडके, चौकडीची नक्षी आणि प्रवाशाची पिशवी

मेक्सिकोत खरेदी करणाऱ्या प्रवाशाला एक शंका हमखास छळते: हातातली वस्तू अस्सल परंपरेतली, की पर्यटकांसाठी घडवलेली? पर्यटक आला की परंपरा बाटते, हे या शंकेमागचे गृहीत. वॉहाका राज्यातल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावची काळी मडकी ते खोटे पाडतात. इथली जुनी भांडी राखाडी, बिनचमकीची. पाणी आणि मेस्काल ही दारू भरण्यासाठी पक्की भाजलेली. 1950च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीने भांडे भाजण्यापूर्वी गारगोटीने घोटले, आच थोडी कमी ठेवली, आणि झळझळीत काळा रंग उमटला. या तकाकीपायी एक गुण गेला: अशा भांड्यात पाणी टिकत नाही. घरातले मडके शोभेची वस्तू झाले आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे संग्राहक व प्रवासी. वॉहाकाची प्राचीन खूण म्हणून जे दाखवले जाते, ते असे पाऊणशे वर्षांचे आहे. यात फसवणूक नाही. माती तीच, हात त्याच गावचे, आणि बदलाचा निर्णयही त्या हातांचाच.

अशी उदाहरणे विरळ नाहीत. गेरेरो राज्यातले नाहुआ चित्रकार मडक्यांवर रंगवत असलेली नक्षी 1960च्या दशकात आमाते या सालीच्या कागदावर उतरवू लागले. तो कागद पुएब्लातल्या सान पाब्लितो गावचे ओतोमी लोक बनवतात. मडके प्रवासात फुटते, कागद गुंडाळून नेता येतो; एवढ्या साध्या कारणातून एक चित्रशैली जन्मली. तेओतितलान देल वाये इथल्या सापोतेक विणकरांचे लोकरी गालिचेही मेंढ्या आणि पायमाग स्पॅनिश लोकांनी आणल्यानंतरचे. म्हणून वस्तूचे वय ही कसोटी निरुपयोगी. काय बदलायचे आणि काय राखायचे हे करणारा ठरवतो का, एवढेच पाहावे.

यावर आक्षेप येईल: बदल चालतो, तर कानकूनच्या दुकानांतले माया नक्षीचे यंत्रछाप कापड का चालू नये? कारण तिथे ठरवणारा विणकर उरतच नाही, फक्त त्याची नक्षी उरते. चियापास राज्यातल्या माया स्त्रिया कमरेला पट्टा बांधून माग ताणतात आणि हुइपील, म्हणजे सैलसर अंगरखा, विणतात. त्यातली नक्षी वरून टाकलेली नसते. ताण्याचे धागे मोजत, जादा रंगीत बाणा गुंफत ती कापडातच घडते. याश्चिलान या प्राचीन माया नगरीतल्या, आठव्या शतकातल्या एका दगडी द्वारपट्टीवर कोरलेल्या राणीच्या वस्त्रावर चौकडीची नक्षी आहे, आणि तिचीच भावंडे शोभतील अशा चौकड्या आजच्या हुइपीलांवर दिसतात. हे ज्ञान मोजणीत आणि बोटांत असते. छाप्यात ते येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हुइपील विणायला महिने लागतात. मोजक्या दिवसांसाठी आलेला प्रवासी तेवढे पैसे का मोजेल? त्याला पाकीट, कंबरपट्टा, छोटी बाहुली हवी असते, आणि विणकरणीची चूल त्यावरच पेटते. हे खरे आहे, आणि छोट्या वस्तूला नाक मुरडणे अन्यायाचे ठरेल. अमातेनांगो देल वाये इथल्या त्सेल्ताल स्त्रिया मातीची लहान कबुतरे घडवतात. ती भट्टीविना उघड्या जाळावर भाजली जातात आणि त्यांतही कसब आहे. मात्र फक्त पाकिटे खपू लागली, तर अवघड विणीचा सराव कुणी आणि कशासाठी करावा? चियापासच्या सान क्रिस्तोबाल शहरातल्या ‘स्ना होलोबिल’ या विणकरणींच्या सहकारी संस्थेने 1970च्या दशकापासून उलट वाट धरली. जुने पोशाख अभ्यासून अवघड नक्ष्या पुन्हा विणल्या आणि रास्त दर लावला. गिऱ्हाईक परकेच होते, पण बाजाराने इथे कसब खाली ओढले नाही, वर उचलले.

मेक्सिकोने 2022मध्ये आदिवासी समुदायांच्या सांस्कृतिक वारशावर त्यांचा सामूहिक हक्क मानणारा कायदा केला. 2025मध्ये वॉहाकातल्या यालालाग गावच्या पारंपरिक चपलेशी साम्य असलेल्या बुटावरून आदिदासने माफी मागितली. मोठ्या कंपन्यांसाठी हे कुंपण गरजेचेच होते. पण सान क्रिस्तोबालच्या सांतो दोमिंगो चर्चसमोरच्या बाजारात अंथरलेल्या कापडावर जी घासाघीस चालते, तिथे कोणताच कायदा पोचत नाही. महिन्यांच्या विणकामातून दोन दिवसांची मजुरी कापून घेणारा माणूस तिथे कंपनीचा नसतो. तो अस्सल वस्तू शोधत आलेला प्रवासीच असतो.